फिरत्या घरांचा मुक्काम, मैलापाण्याचा प्रश्न कायम

कॅराव्हॅन पर्यटनाला राज्य सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र धोरणाचे अधिष्ठान दिले. गाडीतच झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असल्याने हॉटेल नसलेल्या ठिकाणीही पर्यटकांना मुक्काम करता यावा, ही त्यामागची कल्पना. मात्र, या गाडीच्या पोटातील टाकी भरल्यानंतर ती कोठे रिकामी करायची, याचे उत्तर प्रत्येक मुक्कामावर मिळाल्याखेरीज हे पर्यटन डोंगरमाथ्यावरील जलस्रोतांना महागात पडू शकते.

धोरणांच्या चर्चेत गाडीची सजावट, कर्जाची सोय, नोंदणी आणि तळासाठी जागा या बाबींना अग्रस्थान मिळते. सांडपाण्याचा उल्लेख झालाच, तर तो 'मूलभूत सुविधा' या सर्वसमावेशक शब्दांत विरून जातो. वास्तविक कॅराव्हॅन आणि साधी प्रवासी बस यांतील खरा फरक पलंगाचा किंवा शेगडीचा नाही. तो पाण्याच्या आणि मैल्याच्या टाक्यांचा आहे. घरातील नळजोडणी जमिनीखालच्या गटाराला मिळते आणि तेथे घरमालकाची जबाबदारी बहुतांशी संपते. फिरत्या घराला असे गटार नसते. ते आपला मैला आपल्याबरोबर घेऊन फिरते आणि तो कोठे सोडायचा, याचा निर्णय दर दोन-तीन दिवसांनी कोणाला तरी घ्यावा लागतो. बहुतेक वेळा हा 'कोणी तरी' म्हणजे गाडीचा चालक किंवा त्याचा मदतनीस असतो.

तीन टाक्यांचे गणित

मोठ्या कॅराव्हॅनमध्ये साधारणतः तीन टाक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. तिच्यातील पाणी बारा व्होल्टच्या छोट्या पंपाने नळांपर्यंत पोहोचते. दुसरी सांडपाण्याची. तिच्यात बेसिन, मोरी आणि स्वयंपाकघरातील पाणी जमा होते. तिसरी मैल्याची. अमेरिकेत दुसऱ्या टाकीतील पाण्याला 'करडे' आणि तिसरीतील पाण्याला 'काळे' पाणी म्हणतात. काळे पाणी म्हटले की मराठी वाचकाला अंदमान आठवते. येथे मात्र प्रश्न या पाण्याला कोठे पाठवायचे, हा आहे.

घरातील मोरीखाली जो नहाणी ट्रॅप असतो, तोच येथेही लागतो. पाइपच्या बाकात साचून राहिलेले थोडेसे पाणी टाकीतील दुर्गंधी वर येऊ देत नाही. परंतु, घर स्थिर असते आणि गाडी हलते. घाटातील वळणांवर हे पाणी डुचमळून सांडते, तर गाडी महिनाभर उभी राहिली की ते वाळून जाते. दोन्ही वेळा दुर्गंधीला वाट मोकळी होते. त्यामुळे काही गाड्यांत पाण्याच्या ट्रॅपऐवजी लवचिक पडद्याची एकदिशा झडप बसवितात. ती पाणी खाली जाऊ देते, वायू वर येऊ देत नाही.

टाकीला हवा येण्या-जाण्यासाठीही वाट लागते. पाणी आत येताना तितकीच हवा बाहेर पडावी लागते, अन्यथा नळ 'गुळगुळ' आवाज करू लागतात आणि ट्रॅपमधील पाणी शोषले जाते. म्हणून टाकीपासून छतापर्यंत व्हेंट पाइप नेलेला असतो. हा पाइप टाकीत गरजेपेक्षा खोल उतरविला किंवा छताकडील टोक बुजले, तर वायूला बाहेर पडण्यासाठी टॉयलेटखेरीज दुसरी वाट उरत नाही. चालत्या गाडीत छतावरील पंखा सुरू असताना टॉयलेटची झडप उघडली, तरी हेच घडते. आतील हवेचा दाब घटतो आणि टाकीतील वायू वर खेचला जातो. नव्या कॅराव्हॅनमधील दुर्गंधीच्या तक्रारी अनेकदा अस्वच्छतेच्या नसतात, त्या नळजोडणीच्या असतात.

मैल्याच्या टाकीची रचना याहून वेगळी असते. अमेरिकी पद्धतीच्या गाड्यांत टॉयलेट बहुधा थेट टाकीच्या वर बसविलेले असते. मध्ये ट्रॅप नसतो. रबरी कडेची एक सरकती पट्टी आणि तिच्यावरील थोडेसे पाणी एवढाच काय तो अडसर. टाकीच्या तळाशी तीन इंची पाइप आणि त्यावर सरकती झडप असते. सांडपाण्याच्या टाकीची झडप बहुधा दीड इंची असते. दोन्ही पाइप पुढे एकत्र येतात आणि गाडीच्या एका बाजूला झाकणबंद तोंडाशी संपतात. रिकामे करताना या तोंडाला जाड लवचिक नळी जोडतात. आधी मैल्याची झडप उघडतात, ती बंद झाल्यावर सांडपाण्याची. साबणाचे पाणी मागाहून आल्याने नळी धुऊन निघते.

साध्या वाटणाऱ्या या क्रमात चूक झाली, तर मोठी अडचण उभी राहते. तळावर नळी जोडून मैल्याची झडप दिवसभर उघडी ठेवली, तर द्रव वाहून जातो आणि घन भाग टॉयलेटच्या खाली ढीग होऊन साचतो. तो नंतर पाण्याच्या साध्या प्रवाहाने हलत नाही. म्हणूनच टाकी किमान दोन-तृतीयांश भरू द्यावी, मगच झडप उघडावी, असा अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. टाकी किती भरली, हे दाखविणारे दिवेही भरवशाचे नसतात. टाकीच्या भिंतीतील धातूच्या टोकांना कागद किंवा मैला चिकटला, की रिकामी टाकीही 'भरलेली' दिसते.

उतार हा आणखी एक मुद्दा. घरातील मैलापाण्याच्या पाइपला दर फुटामागे साधारण पाव इंच उतार दिला जातो. गाडीच्या तळाशी चासी, इंधनाची टाकी आणि चाकांचे आस यांमधून वाट काढताना इतका उतार सर्वत्र मिळणे अवघड असते. शिवाय गाडी तिरकी उभी असेल, तर उतारच उलटा होतो. सपाट तळाची आवश्यकता पर्यटकाच्या झोपेसाठी जितकी असते, तितकीच ती टाकी पूर्ण रिकामी होण्यासाठीही असते.

भारतीय सवयी, परदेशी मोजमाप

या सर्व रचना अमेरिकेत आणि युरोपात विकसित झाल्या. तेथे स्वच्छतेसाठी प्रामुख्याने कागद वापरला जातो. पाण्यात लवकर विरघळणारा पातळ कागद वापरण्याची सूचना तेथील प्रत्येक नवख्याला मिळते. आपल्याकडे पाणी वापरले जाते. त्यामुळे कागदाने पाइप तुंबण्याचा धोका कमी, पण टाकी लवकर भरण्याचा धोका अधिक.

साधा हिशेब मांडून पाहता येईल. चार जणांचे कुटुंब, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा वापर आणि प्रत्येक वेळी सरासरी दोन लिटर पाणी धरले, तरी दिवसाला ४० लिटर होतात. १०० लिटरची टाकी अडीच दिवसांत भरेल. अंघोळीचे पाणी वेगळेच. बादलीभर, म्हणजे १५ लिटर पाण्यात चौघांनी अंघोळ उरकली, तरी सांडपाण्याच्या टाकीत रोज ६० लिटरची भर पडते. भांडी आणि तोंड-हात धुण्याचे पाणी त्यात मिळविले, तर शंभर लिटरची दुसरी टाकी दीड दिवसही पुरणार नाही. म्हणजे शुक्रवारी रात्री पुण्याहून निघालेल्या कुटुंबाला रविवारी परतण्यापूर्वी किमान एकदा टाकी रिकामी करावी लागेल.

टाक्या मोठ्या करणे हा उपाय वाटतो. पण पाण्याच्या प्रत्येक लिटरमागे एक किलो वजन वाढते. आपल्याकडील अनेक कॅराव्हॅन टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या मध्यम वाहनांवर बांधलेल्या असतात. त्यांत तीनशे किलोचे द्रव वाहून नेणे म्हणजे चार प्रवाशांइतके जादा वजन. शिवाय ते स्थिर नसते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लागताच पुढे आणि वळणावर बाजूला धावते. त्यामुळे टाक्या शक्य तितक्या खाली, आसाजवळ आणि आत आडव्या पडद्या देऊन बसवाव्या लागतात.

छोट्या गाड्यांसाठी युरोपात रूढ असलेली 'कॅसेट' पद्धत अधिक सोयीची आहे. टॉयलेटखाली सुमारे १७ ते २० लिटरची बंद पेटी असते. गाडीच्या बाहेरील दारातून ती काढायची, चाकांवर ओढत न्यायची आणि ठरलेल्या ठिकाणी ओतायची. पाइप, उतार, नळी यांची कटकट नाही. मात्र, कागदाच्या हिशेबाने बनविलेली ही पेटी पाण्याच्या वापरात चौघांच्या कुटुंबाला एक दिवसही पुरणार नाही. ती हातात घेऊन योग्य जागेच्या शोधात निघालेल्या माणसाला जवळचा ओढा अधिक सोयीचा वाटू शकतो, हा धोका आहेच.

शिकागोचा धडा

नियम आणि सुविधा असलेल्या देशातही हा मोह टळत नाही. ८ ऑगस्ट २००४ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात 'डेव्ह मॅथ्यूज बँड' या गायक-वादक समूहाच्या दौऱ्यातील एका बसने किंझी स्ट्रीट पुलावरून जाताना मैल्याची टाकी उघडली. पुलाचा पृष्ठभाग लोखंडी जाळीचा होता. त्याखालून त्याच वेळी पर्यटकांची एक खुली बोट चालली होती. सुमारे ८०० पौंड, म्हणजे साधारण ३६० किलो मैला बोटीवरील प्रवाशांच्या अंगावर आणि शिकागो नदीत पडला. बसमध्ये कलाकारांपैकी कोणीही नव्हते. प्रथम इन्कार झाला, पुढे चालकाने गुन्हा कबूल केला आणि २००५ मध्ये समूहाने दोन लाख डॉलर देऊन इलिनॉय राज्याबरोबर तडजोड केली.

ही घटना विनोद म्हणून सांगितली जाते. तिच्यातील बोध मात्र गंभीर आहे. बोट नेमकी पुलाखाली नसती, तर हा प्रकार कदाचित कधीच उघडकीस आला नसता. चालत्या वाहनातून होणारे प्रदूषण पकडणे जवळजवळ अशक्य असते. कारखान्याच्या नळाजवळ निरीक्षक उभा राहू शकतो. गाडी मात्र मैला सोडून पुढच्या गावी गेलेली असते.

म्हणूनच अमेरिकेत दंडाच्या जोडीला सोयीवर भर देण्यात आला. राष्ट्रीय आणि राज्य उद्याने, खासगी तळ, काही इंधन केंद्रे आणि काही राज्यांतील महामार्गावरची विश्रांतिस्थळे येथे टाकी रिकामी करण्याची जागा असते. तिची रचना अत्यंत साधी आहे. मध्यभागी उतार असलेला काँक्रीटचा चौथरा, झाकण असलेले तोंड, नळी धुण्यासाठी वेगळा नळ आणि त्यावर 'पिण्यायोग्य नाही' अशी ठळक पाटी. पिण्याच्या पाण्याचा नळ मुद्दाम अंतरावर ठेवलेला असतो. असे जाळे महाराष्ट्रात उभे राहिलेले नाही.

रेल्वेने भोगलेले दुखणे

वाहनातील मैला साठविण्याचा आणि जिरविण्याचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग रेल्वेने केला. अनेक दशके डब्यांतील शौचालये थेट रुळांवर उघडत. त्याने अस्वच्छता तर होईच, शिवाय रूळही गंजत. संरक्षण संशोधन व विकास संघटना म्हणजेच 'डीआरडीओ'च्या जिवाणू तंत्रज्ञानावर आधारित बायो-टॉयलेट हा त्यावरील उपाय ठरला. डब्याखालील टाकीतील जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू यांत रूपांतर करतात.

तंत्र योग्य होते, तरी अंमलबजावणीत अडथळे आले. २०१७ मध्ये संसदेत सादर झालेल्या 'कॅग'च्या अहवालाने २०१६-१७ या वर्षातील सुमारे २५ हजार बायो-टॉयलेटची पाहणी केली. त्यांत सुमारे दोन लाख दोष आणि तक्रारी आढळल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक केवळ तुंबण्याच्या होत्या. भांड्यात टाकलेल्या बाटल्या, पिशव्या, कापड यांसमोर जिवाणू हतबल होते. पुढील काळात प्रवासी डब्यांत बायो-टॉयलेट सर्वत्र बसविण्यात आली, पण तोपर्यंत एक गोष्ट स्पष्ट झाली होती. टाकी बसविणे हा कामाचा सोपा भाग आहे. ती रोज तपासणारा माणूस, उपसणारे यंत्र आणि दुरुस्तीची जागा हा अवघड भाग आहे.

रेल्वेकडे निदान डेपो आहेत, ठरलेले मार्ग आहेत आणि एकच मालक आहे. कॅराव्हॅनचे मालक अनेक, मार्ग अनिश्चित आणि डेपो नाही. त्यामुळे रेल्वेला जे जड गेले, ते विखुरलेल्या खासगी व्यवसायाला आपोआप साधेल, असे मानणे धाडसाचे ठरेल.

डोंगरमाथ्यावरचा धोका

जेथे पक्के बांधकाम करण्यावर बंधने आहेत, तेथेही पर्यटकांची सोय व्हावी, हा कॅराव्हॅन धोरणामागील एक विचार आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने तो आकर्षक आहे. सिमेंटची इमारत नको, गाडी येईल आणि जाईल. पण ज्या ठिकाणी पक्के बांधकाम नाही, तेथे बहुधा गटारही नाही आणि मैलापाणी प्रक्रिया केंद्रही नाही. शिवाय अशी ठिकाणे अनेकदा पाणलोटाच्या माथ्यावर असतात.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने २००१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. कृष्णेचा उगम तेथला. महाबळेश्वरला पाणी देणारा वेण्णा तलावही तेथलाच. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या पश्चिम घाटाचा भाग आहे आणि कास तलावाचे पाणी सातारा शहर पिते. अशा ठिकाणी दहा गाड्यांनी आठवड्यातून एकदा जरी टाकी ओढ्यात सोडली, तरी त्याचे परिणाम खालच्या गावांना भोगावे लागतील. प्रवाहात दूषित पदार्थ सोडण्यास १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे. परंतु, मनाई आणि पर्याय या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या तरच कायदा पाळला जातो.

यात रसायनांचा मुद्दाही दुर्लक्षिता येणार नाही. दुर्गंधी दडपण्यासाठी टाकीत टाकली जाणारी काही औषधे फॉर्मल्डिहाइडयुक्त असतात. ती जिवाणू मारतात, म्हणून वास येत नाही. पण हाच मैला एखाद्या छोट्या तळाच्या सेप्टिक टँकमध्ये गेला, की तेथील उपयुक्त जिवाणूही मरतात आणि संपूर्ण व्यवस्था निकामी होते. कॅलिफोर्नियासारख्या राज्याने अशा औषधांवर बंदी घातली आहे. जिवाणू किंवा विकरांवर आधारित पर्याय उपलब्ध असल्याने येथेही तसा नियम करणे अवघड नाही.

प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचाही आहे. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई कोणाकडूनही करवून घेता येत नाही. नळी जोडण्याची जागा नसेल, तर भरलेली पेटी किंवा तुंबलेली टाकी शेवटी एखाद्या मदतनिसाला किंवा गावातील सफाई कामगारालाच साफ करावी लागेल. पर्यटनाच्या नव्या रूपाने जुनी अमानुष प्रथा मागील दाराने परत येणे कोणालाच परवडणारे नाही.

उत्तर घाटाच्या पायथ्याशी

सुदैवाने यावरील उपाय दूर शोधण्याची गरज नाही. महाबळेश्वरच्या वाटेवर, पसरणी घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या वाई शहराने २०१८ पासून सेप्टिक टँक ठरावीक वेळापत्रकानुसार उपसण्याची सेवा सुरू केली. उपसलेल्या गाळासाठी तेथे दररोज ७० हजार लिटर क्षमतेचे प्रक्रिया केंद्र उभारण्यात आले. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर शहरानेही हाच मार्ग स्वीकारला. भुयारी गटार नसलेल्या छोट्या शहरांनाही मैल्याचे शास्त्रीय व्यवस्थापन करता येते, हे या दोन नगरपालिकांनी दाखवून दिले.

अशा केंद्रांना कॅराव्हॅन तळ जोडणे तांत्रिकदृष्ट्या सोपे आहे. पन्नास गाड्यांनी प्रत्येकी शंभर लिटर मैला रोज दिला, तरी तो पाच हजार लिटर होतो. वाईसारख्या केंद्राच्या क्षमतेच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे सात टक्के. तळावर झाकणबंद टाकी बांधायची आणि उपसा गाडीने तो मैला केंद्रात पोहोचवायचा, इतकीच ही साखळी आहे. त्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. नगरपालिका, पर्यटन संचालनालय आणि तळाचा चालक यांच्यात करार लागतो, तसेच उपशाचा खर्च कोणी सोसायचा, हे आधी ठरावे लागते. हा खर्च तळाच्या भाड्यात धरणे हाच रास्त मार्ग दिसतो.

मोटार कॅराव्हॅनच्या बांधणीसाठी देशात 'एआयएस-१२४' हे मानक आहे. मात्र, मानक गाडीपुरते असते. गाडीबाहेर आलेल्या पाइपच्या तोंडापुढे काय असावे, हे पर्यटन आणि नगरविकास या दोन खात्यांनीच ठरवायचे आहे. त्या दृष्टीने काही बाबी तातडीने करता येण्याजोग्या आहेत. टाकी रिकामी करण्याची बंदिस्त सोय आणि प्रक्रिया केंद्राशी करार असल्याखेरीज तळाला परवानगी देऊ नये. भाड्याने गाडी देणाऱ्या व्यावसायिकाने प्रत्येक फेरीनंतर टाकी कोठे रिकामी केली, याची पावती जपून ठेवावी. पावती हाती असली, की चालत्या गाडीमागे निरीक्षक धावण्याची गरज उरणार नाही. गाडी ताब्यात घेताना पर्यटकाला झडपांचा क्रम आणि टाकीची क्षमता मराठीत समजावून सांगावी. संवेदनशील क्षेत्रांत प्रवेश करणाऱ्या कॅराव्हॅनसाठी पायथ्याशीच टाकी रिकामी करण्याची सोय असावी, म्हणजे भरलेली टाकी घेऊन कोणी घाट चढणार नाही.

केरळनेही २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटनाला चालना दिली आणि वागमोन येथे २०२२ मध्ये त्या राज्याचा पहिला तळ सुरू झाला. म्हणजे या क्षेत्रात राज्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली आहे. अशा स्पर्धेत गाड्यांची संख्या हे यशाचे माप मानले जाते. पण गाड्या आधी आणि व्यवस्था नंतर, हा क्रम आपल्या थंड हवेच्या ठिकाणांनी हॉटेलांच्या बाबतीत एकदा अनुभवला आहे. हॉटेल किमान एका जागी उभे असते, त्याला नोटीस तरी बजावता येते. चाकांवरच्या घराला ती बजावायला गेलेला कर्मचारी पोहोचेपर्यंत घर पुढच्या जिल्ह्यात गेलेले असेल. त्यामुळे या व्यवसायाचा विस्तार होण्यापूर्वी, गाड्या मोजक्या असतानाच, टाकीच्या शेवटच्या झडपेपुढचा मार्ग निश्चित करणे हेच शहाणपणाचे ठरेल.